हुल्मादेवीला झोपवण्याचा प्लॅन

३ राखमास
साम्राज्याचा हुकूम आला. देवळातून हुल्मादेवी बाहेर, सम्राटाचा संगमरवरी पुतळा आत. गावच्या जादूवर बंदी. मी भयंकर संतापलो, मनातल्या मनात. मूर्ती गोणीत घालून घरी आणली, स्वयंपाकघरात कांद्यांच्या टोपलीमागे लपवली.

४ राखमास, पहाटे
बंड ठरले. बोलणी खाल्ल्याशिवाय हुल्मा जागी होत नाही आणि ती जागी झाल्याशिवाय झऱ्याला पाणी येत नाही. तिला बोलणी देण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याचा. आजपासून मी गप्प. झरा आटेल, गावाबाहेरची सैन्याची छावणी तडफडेल, आठवड्यात साम्राज्य गाशा गुंडाळेल. गावाचेही थोडे हाल होतील, इलाज नाही. बायकोला, मिर्झेनला, सांगितलेले नाही. तिला यातले काय कळणार!

५ राखमास
झरा वाहतोय. माझ्या जुन्या बोलण्यांचा जोर उतरला नसणार. आवाजच तसा आहे माझा.
मिर्झेन सकाळीच भांडली. सरपण ओले का आणले, वगैरे. क्रांतिकारकाने असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

९ राखमास
झरा ओसंडतोय. छावणीचा शतपती वार्टियस याने जाहीर केले, ही सम्राटाची कृपा. लोक पुतळ्याला मध वाहू लागले. पुतळ्याचा पुजारी म्हणून मला पदक. नाकारणार होतो, पण संशय आला असता. छातीवर बरे दिसते.
अमावास्येला सगळ्या गावाने पुतळ्यासमोर हुल्माचे नाव सोडायचे आहे. एकदा सोडले की देवी कायमची दगड.

१० राखमास
कुठलासा वीर राक्षस मारायला चालला होता. न विचारता घरात शिरला, रांजण फोडून आत बघितले, चीज खाल्ले, गेला. मिर्झेनने त्याचाही राग माझ्यावर काढला आणि रुसून बहिणीकडे निघून गेली. आता शांतपणे विचार करता येईल.

१३ राखमास
झरा आटला! प्लॅन यशस्वी. लोक पुतळ्यासमोर घागरी घेऊन बसलेत, सम्राट ढिम्म. माझ्याही घशाला कोरड. उद्या अमावास्या.

१४ राखमास
मिर्झेन परतली. दारातूनच सुरू झाली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. "अहो, चूल थंडगार, भांडी खरकटी, गावाला घोटभर पाणी नाही, आणि तुम्ही पदक लावून बसलात?"
कांद्यांमागे दोन डोळे उघडले. झरा धो धो सुटला. गाव देवळातून उठून आमच्या दारात आले. वार्टियस पोटभर पाणी प्यायला आणि छावणीत परत गेला. हुल्माचे नाव कुणी सोडले नाही.
देऊळ आणि आमची चूल यांच्यामध्ये फक्त एक बोळ. इतकी वर्षे देवी कुणाच्या आवाजाने उठत होती, ते आज कळले. रडू आले.

२० राखमास
मान आता मिर्झेनकडे. बोलायला समोर कुणीतरी लागते, म्हणून माझी ड्यूटी: पहाटे उठून एखादी चूक करणे. आज एकही सुचेना. घाबरत घाबरत तिला सांगितले.
ती म्हणाली, "तुम्ही नुसते समोर बसा. तेवढं पुरे."
बसलो. पाणी आले.