सेनापतीच्या तीन घोड्यांची नावं

गुंजवणे, आषाढ, सन १९४०

आनंदराव भाऊजींस वहिनीचा नमस्कार.

शेण काढून झालं होतं, म्हैस पिळली होती आणि तव्यावर भाकरी टाकतच होते, तेवढ्यात तुमचा गडी नाथा पुस्तक घेऊन दारात आला. (त्याला ताक दिलं. तुमचा गुडघा बरा आहे म्हणाला, तसाच राहो.) पुस्तक कुंडलिकसाठी होतं, पण वाचलं आधी मी. त्याच्याच पाटीवर अक्षरं गिरवून शिकले, तेवढा हक्क माझा आहे.

चरित्र कुणाचं, तर प्रशियाचे सेनापती फॉन रोडेनबेक, मागच्या शतकातले. म्हणजे जर्मनच की, भाऊजी. ज्यांच्याशी लढायला तुम्ही माझा मुलगा मागता, त्यांच्याच सेनापतीची आरती त्याच्या हातात देता. हे लहानपणीच सैनिकी शाळेत गेले आणि पुढं डेन्मार्क, ऑस्ट्रिया, फ्रान्स असं एकेकाशी भांडत सुटले. लढाईत आपण टेकडीवर, डोळ्याला दुर्बीण. टेकडीवरून खाली बघत उभं राहणं आमच्याकडं शेरडं राखणारेही करतात; त्यांना कुणी जहागीर दिलेली ऐकली नाही. अंगाखाली तीन घोडे मेले, तिन्हींची नावं पुस्तकात आहेत. माणसं 'हजारो' मेली, नाव एकाचंही नाही. स्वतः मात्र म्हातारे होऊन, गादीवर, सुनेच्या हातची पेज पिऊन गेले.

कुंडलिक म्हणाला, "आये, तीन लढाया जिकल्या त्यानं."

"मंग त्या घोड्यांस्नी काय मिळालं?"

"तुला न्हाई कळायचं."

"न्हाई कळायचं. तुझ्या बापालाबी कळलं न्हवतं."

तो हसला. पण भोरच्या भरतीचा दिवस त्याला पाठ आहे.

घरात सर्वांना आशीर्वाद.
रतनबाई

ता. क. पुस्तक गोडीचं आहे. दोनदा वाचलं.

आणखी ता. क. मागच्या लढाईत बसऱ्याला हे गेले तेव्हा तुम्ही ह्यांच्या शेजारी होता. मला सांगितलंत, छातीवर गोळी घेतली. घरी फुलाबाईंना, माझ्या जाऊबाईंना, खरं सांगितलंत की हगवणीनं गेले, शेवटी पाणी मागत होते. त्यांनी ते मला केव्हाच सांगून टाकलं. मी तुम्हाला विचारलं नाही, आताही विचारत नाही. तेवढं कुंडलिकला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

आमच्या लावणीची इर्जिक भरतीच्याच दिवशी धरली आहे. गाव आपल्या खाचरात फुकट राबायला आलं की घरच्या कर्त्यानं बाहेर जायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीही या. पंगतीला त्याच्या शेजारी बसा. इर्जिक कुठल्या दिवशी धरली ते त्याला अजून माहीत नाही.

वरचं पत्र कालचं, धाडायचं राहिलं; आज मी दारोदार फिरून इर्जिकीची आवतणं देऊन आले.