मरायचा निरोप

बाबा, परवा मायला माझी प्रयोगशाळा दाखवली. किती वर्षं तिचं एकच पालुपद होतं, "दिसभर करती तरी काय तू तिथं?" शेवटी घेऊनच गेले. दारात चपला काढून, पदर सावरून ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. खाली काचेच्या बशीत मेंदूच्या गाठीतल्या पेशी होत्या. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "हेच का तुझ्या बाबाच्या डोक्यातलं?"

"तसलंच," मी म्हणाले आणि समजावत बसले. पेशी बिघडली की तिला मरायचा निरोप जातो, तिनं गुमान मरायचं असतं. पण मायक्रोआरएनए नावाचे अगदी बारके धागे असतात, ते असल्या निरोपांवर बसून ते अडवतात. निरोगी पेशीत ते कामाचेच. गाठीत मात्र त्यातला एखादा भलताच माजतो, आणि वाढीला लगाम घालणारे दुसरे कमी पडतात. आम्ही त्या माजलेल्याला बंद पाडतो, मग पेशी आक्रसून मरायला लागतात. बशीत मरतात, माणसापर्यंत पोचायला अजून फार वाट आहे, हेही सांगितलं.

"म्हंजी मरायचं त्यायला कळतच न्हाई?" तिनं विचारलं. तिचं मन तुमच्या दुखण्याच्या सालात गेलं, ते मला कळलं. आपल्या शेतात हळद शिजून राहिली आहे. गावोगाव फिरणाऱ्या, हळद शिजवायच्या भाड्याच्या कुकरचा नंबर मोठ्या मुश्किलीनं लागलाय आणि तुम्ही बांधावर बसून ओकताय. सगळे म्हणतात, वाफ लागली. दरसाल कुणाला ना कुणाला लागतेच. तुम्ही दवाखान्याचं नाव काढता तर माय म्हणते, "नंबर गेला तर कुकर परत येत न्हाई. डोकंच दुखून राहिलं ना? गूळपाणी घ्या." मी हळकुंडात काडी खुपसून शिजलं का बघतेय, आणि ओकता ओकता तुम्ही माझ्यावरच खेकसता, "वाफंपासून लांब ऱ्हा, लेकरा!" त्या खेकसण्यासाठी मी अजून झुरते, बाबा. सगळी हळद वाळून पॉलिश होऊन गेली, तेव्हा कुठं तुम्हांला नांदेडला नेलं.

"नंबर सोडून लवकर नेलं असतं, तर वाचले असते का गं?" मायनं विचारलं. याच गाठीवर आयुष्य घालवणारी पोरगी घरात असून इतकी वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं.

"न्हाई माय. काहीच फरक पडला नसता."

परतीच्या गाडीत औंढा येईपर्यंत ती गाढ झोपली होती. आज सकाळी शिरडच्या घरी शेजारणीशी हसत हसत बोलत होती.

प्रयोगशाळेत मी इतकं ठाम कधीच बोलत नाही. तिथं 'बहुधा' असतं, 'असं दिसतं' असतं. तुमची गाठ फार वाईट जातीची होती, फरक बहुधा पडला नसता. तो 'बहुधा' मी मायपासून लपवला, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा लपवीन. तुम्हांला सांगून झालं. आता हा कागद चुलीत घालते. कागद दिसला की माय वाचल्याशिवाय ठेवत नाही.