मोनालीच्या जागेवर

सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

बेबाबाईची तीन बोटं आज रोलरमध्ये गेली, आणि मला सांगण्यात आलं की अपघात मोनालीला झाला असं लिहा. अजून लिहिलेलं नाही. लिहावं लागलंच, तर खरं काय ते त्याआधी कुठेतरी असावं, म्हणून ही वही.

मोनाली ही बेबाबाईची सून. चटईच्या कारखान्यात, माझ्या खात्यात कडा शिवते. मागच्या महिन्यात माहेरी, पारोळ्याला, बाळंत झाली. तिच्या जागेवर सासू उभी. ही इथली रीत. बाई बाळंतपणाला गेली की घरातली दुसरी बाई तिचा बिल्ला लावते, तोंडाला फडकं बांधते आणि मशीनवर येते. जागा राखायची! रजा कोणी मागत नाही. मागितली की जागा जाते, अशी सगळ्यांची खात्री. लोटन ठेकेदाराला हे माहीत, मालक नवीनशेठना माहीत, मलाही माहीत. फडक्याआड कोण आहे ते आम्ही कधी बघतच नाही.

बेबाबाईने जन्मभर कापूस वेचला. मशीन तिला नवं. शिवणावर कशीबशी रुळली होती. आज लोटनने तिला उचलून रोलरवर उभं केलं — माणूस कमी होता म्हणे. प्लास्टिकची पट्टी अडकली. शेतात तण ओढावं तशी तिने ती हाताने ओढली.

आधी चटई लाल झाली. ओरडणं नंतर आलं. मी बटण दाबलं, रोलर उलटा फिरवून घेतला. बाहेर आला त्याला हात म्हणवत नव्हतं. तिच्याच फडक्याने मनगट आवळलं. रक्त माझ्या कोपरापर्यंत. आणि मागून लोटन — "मॅडम, मशीन पुसून घेऊ का? माल खराब होतोय."

माल!

मंगळवार, १० फेब्रुवारी

शेठनी बोलावलं. लोटन आधीच खुर्चीत.

"कोकिळाताई, तुम्ही शिकलेल्या आहात. समजून घ्या. बेबाबाई आपल्याकडे कामालाच नाही. मग तिला अपघात कसा होईल?"

"आणि मोनाली बाळंतीण आहे, तिला कसा होईल?"

"बाळंतीण?" लोटन हसला. "ती तर रोज हजर! एक खाडा नाही, मॅडम. अशा बाईचा सत्कार करायला पाहिजे."

मी सांगितलं — कायद्याने सव्वीस आठवडे भरपगारी रजा. ठेकेदाराकडच्या बाईलाही. शेठ शांतपणे म्हणाले, "तिने रजा घेतलीच कुठे? सासूला पाठवायची त्यांचीच रीत. आम्ही का सांगायला गेलो होतो?"

म्हणजे सुनेची रजा सासूने हाडं झिजवून भरायची, आणि भरली म्हणून रजा नव्हतीच म्हणायचं!

टेबलावरचा पितळी पेपरवेट माझ्या हातात कधी आला ते कळलं नाही. शेठच्या डोक्यामागची काच खळ्ळकन खाली. नेम चुकला की मी चुकवला, ते अजून ठरत नाही. धुळ्याच्या कॉलेजात गोळाफेकीत माझं नाव होतं. मला वाटतं, चुकवला.

मला हाकलून देता येत नाही त्यांना. अपघाताच्या कागदावर सही माझी लागते. शुक्रवारपर्यंत मुदत.

बुधवार, ११ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. बेबाबाईचा चेहरा राखेसारखा. माझा पदर चांगल्या हाताने धरून पहिला प्रश्न — "अक्का, मोनालीनी जागा ऱ्हायनी ना?"

मी तिच्या हाताच्या पट्टीकडे बघितलं.

"मना हातनं जाऊ दे. जागा?"

बाहेर येऊन भिंतीवर मूठ मारली. सुजली आहे. बरं झालं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

पारोळ्याला गेले. लोटन माझ्या आधी तिथे जाऊन आलेला.

मोनाली खाटेवर, डावा हात कोपरापर्यंत पट्टीत. बाळ भुकेने किंचाळतंय आणि तिची आई ते तिच्या छातीशी धरून बसलीय, कारण हिला धरता येत नाही.

"हाताला काय झालं?"

"काही नाही झालं, मॅडम. लोटनभाऊंनी बांधायला लावलं. कोणी चौकशीला आलं तर दिसायला पाहिजे म्हणाले. अपघात मला झाला या कागदावर माझी सही होईपर्यंत सोडायची नाही."

धडधाकट हात! ओल्या बाळंतिणीचा!

कात्रीची वाट बघितली नाही. दाताने फाडली पट्टी. आतली बोटं पांढरी, घामेजलेली, सुरकुतलेली. पाचही जागच्या जागी. "धर बाळाला," मी ओरडले. तिने धरलं. बाळ गप्प झालं.

मग तिला सरळ सांगितलं. "सही केलीस तर कागदावर तुझा हात गेला. हात गेलेल्या बाईला शिवणावर कोण ठेवेल? जागा गेली. रजा तू घेतलीच नाहीस असं होईल, म्हणजे रजा गेली, रजेचा पगार गेला. आणि सासू तर तिथे नव्हतीच. तिची बोटं फुकट गेली."

तिचे वडील तोतारामनाना दारात उभे. "मॅडम, पोरवर केस टाकतीन का? बिल्ला तिना शे, उभी सासू."

"टाकतील कदाचित. आधी माझ्यावर टाकतील. खात्याची प्रमुख मी आहे."

मोनालीने एवढंच विचारलं, सासूबाई काय म्हणतात. बेबाबाईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती रडली नाही. बाळाच्या डोक्यावरून तोच हात फिरवत राहिली.

परतताना जळगावला उतरले आणि कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. सोमवारी येतो म्हणाले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर बघवत नाही.

सकाळी गेटवर तेजस आला. मोनालीचा नवरा, टेम्पो चालवतो. हातात चाक खोलायची लोखंडी टामी. "मायना हात खाई ग्यात, आता बायकोना बी पाहिजे का?" म्हणत त्याने लोटनला घातली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खोटं कशाला लिहू — ऐकायला बरं वाटलं. दुसरा घाव डोक्यावर जात होता. मी मध्ये गेले. तो माझ्या उजव्या खांद्यावर बसला.

मग लोटनची माणसं धावली. तेजसला पाडून लाथा, पाठीत, पोटात, तोंडावर. मी त्यातल्या एकाला केस धरून मागे ओढलं. पोलीस आले तेव्हा तेजसचा एक डोळा मिटला होता. घेऊन गेले त्यालाच.

लोटन जमिनीवर बसून मोडका खांदा धरून हसत होता. "आता करेल मोनाली सही! नवरा बाहेर पाहिजे असेल तर करेल."

मी सही केलेली नाही. हातच उचलत नाही. शेठना तेवढं कारण पुरेसं वाटलं नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. साबुदाणा परतत होते तेव्हा खिडकीतून दगड आला. बाहेर मोटरसायकलवर दोघं. परत फेकला. डाव्या हातानेही लागला.

दुपारी मोनालीचा फोन. "मॅडम, सही केली तर लोटनभाऊ तेजसवरची तक्रार मागे घेतो म्हणे. नाही केली तर वर्षभर आत बसवतो म्हणे. काय करू?"

"माझं मी सांगितलंय. पुढचं तुझं तू ठरव," म्हणाले आणि फोन ठेवला. कठोर झालं. पण तिच्या नवऱ्याचा सौदा मी कसा करणार?

सोमवार, १६ फेब्रुवारी

अधिकारी आले. शेठ म्हणाले, मोनाली दवाखान्यात आहे, बोलायच्या स्थितीत नाही. ते वाक्य संपतंय तोच ती दारात. छातीशी बाळ, तोंडाला फडकं नाही.

"साहेब, मी मोनाली. मी रजेवर आहे."

आज काय काय सुपूर्द झालं ते लिहून ठेवते. शेठना मी खात्याच्या किल्ल्या दिल्या. अधिकाऱ्यांना माझा जबाब, 'हे मला माहीत होतं' या वाक्यासकट, आणि बेबाबाईचं फडकं, न धुतलेलं. मोनालीने त्यांच्या टेबलावर सासूकडून परत घेतलेला बिल्ला ठेवला.

आणि माझ्याकडे बाळ दिलं. तिला दोन्ही हात वर करून दाखवायचे होते.