फुसाएच्या वहीतले स्टेशनचे शिक्के

ती. कियोताईस,

धाकट्या उमेकिचीचा कमरेतून जमेल तेवढा वाकून नमस्कार. (परवापासून कंबर नीट वाकत नाही. उरलेला नमस्कार मनाने वाकलो असं समजून घे.) अंगणात मुळे वाळत घातलेत, पहाटे दहिवर पडतं, थंडी दाराशी येऊन उभी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला बसला का? नसेल तर पातीचा कांदा भाजून फडक्यात गुंडाळून गळ्याला बांधावा. डॉक्टर हसतात, पण डॉक्टरही खोकतात.

इकडे मी खुशाल आहे आणि मला कसलाही पश्चात्ताप नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण चिसातोनं गाडीतून उतरल्या उतरल्या तुला फोन केला हे मला ठाऊक आहे. लेक तुझी, तिनं मामाची कागाळी आईकडे करावी हे रीतीला धरूनच झालं. पण तिची बाजू फोनवरून धावत आली आणि माझी टपालाने चालत येतेय, एवढ्यावरून माझी खोटी ठरत नाही.

तर वहीची गोष्ट. माझी फुसाए गेली तेव्हा, देवळोदेवळी भिक्षूंकडून ब्रशाने देवळाचं नाव लिहवून शिक्के घेतलेली तिची वही शवपेटीत उशाशी ठेवायची होती, ती मी गडबडीत विसरलो. त्यावरून तू मला वर्षभर बोललीस आणि मी वर्षभर मान खाली घालून ऐकलं, कारण ते बोलणं खरं होतं. उरलेली बारा पानं भर आणि वर्षश्राद्धाला वही देवघरातल्या तिच्या नावाच्या पाटीसमोर ठेव, म्हणजे तिला पोचेल, हेही तूच सुचवलंस. म्हणून तर सत्त्याहत्तराव्या वर्षी मी तीन दिवसांची सहल काढली. हिमेजी, क्योतो, नारा. सोबत चिसातो, तिच्या हातात वेळापत्रक आणि चेहऱ्यावर शाळेची हजेरी.

हिमेजीला उतरलो. बाहेर पडायच्या दाराशी ते टेबल असतंच, त्यावर प्रवाशांनी आठवण म्हणून उमटवून न्यायचा स्टेशनचा रबरी शिक्का, शाईची गादी आणि कुणीतरी विसरलेली छत्री. ताई, असा शिक्का समोर दिसला आणि हात पुढे झाला नाही असा माणूस आपल्या देशात जन्मलाय का? पिशवीतून वही काढली, पानावर फुंकर मारली आणि दाबला. खाली किल्ला, वर बगळा, पिसंसुद्धा मोजून घ्यावीत असा उठला.

मागून चिसातो म्हणाली, "मामा, ही मामींची वही आहे."

"मग तिच्याचसाठी फिरतोय ना आपण?"

"देवाच्या वहीत स्टेशनचा शिक्का मारलात. शाळेतली मुलं मारतात तो."

मी म्हटलं, हात चुकला. (याबद्दल पुढे.)

क्योतोत ज्या देवळात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. तिथला भिक्षू तरुण आहे, त्याला सुधारायला अजून वाव आहे. पाऊण तास रांगेत उभा राहिलो. त्यानं वही घेतली, ब्रश शाईत बुडवला, एक पान मागे उलटलं आणि ब्रश परत ठेवून दिला. म्हणाला, "आजोबा, यात आम्हाला लिहिता येणार नाही. ही आता भक्तीची वही राहिली नाही." मी जन्मभर लाकडी पिंपं केली, त्यामुळे मला सुचलं ते पिंपाचंच. म्हटलं, "एक फळी दुसऱ्या झाडाची लागली म्हणून पिंप गळत नसतं." तो म्हणाला, "पिंपांतलं मला काही कळत नाही, आजोबा." मी म्हटलं, "तेच सांगतोय." मग त्यानं आधीच लिहून ठेवलेला एक सुटा कागद हातावर ठेवला, घरी दुसऱ्या वहीत चिकटवा म्हणून. चिसातोनं माझ्या वतीने त्याला इतक्या वेळा वाकून माफी मागितली की मागच्या बाईला वाटलं हिचं काहीतरी खाली पडलंय.

नाराच्या गाडीत ती माझ्याशी बोलत नव्हती, त्यामुळे मला विचार करायला सवड मिळाली. (ही चूक तिची.) मांडीवर जेवणाचा डबा उघडला आणि फुसाए आठवली. एकतीस वर्षं तिनं आपल्या गावच्या फलाटावर, गळ्यात पट्ट्याने तबक अडकवून, असे डबे विकले. गाडी तीन मिनिटं थांबायची. तेवढ्यात खिडक्या गाठायच्या आणि गाडी हलली की वाकून निरोप द्यायचा. एकतीस वर्षं ती हिमेजीच्या, क्योतोच्या गाड्यांना वाकली, ताई, आणि त्यातल्या एकीतही कधी बसली नाही. देवळं पाहिली ती गुडघे गेल्यावर, बसने, जवळपासची. मग तिची पवित्र जागा कुठली, हे त्या पोरसवदा भिक्षूनं ठरवायचं?

नारात तो सुटा कागद घडी पडू नये म्हणून मी हातातच धरला होता. एक हरिणी मागून आली, कागद ओढला, शांतपणे चावला आणि गिळला. मग फुसाएची वही हुंगली, नाक फुरफुरवलं आणि सोडून दिली. आता नाराची हरणं देवाचे दूत, हे लहानपणी मला तूच शिकवलंस. दूतानं देवळाचा कागद खाल्ला आणि स्टेशनची वही राखली, याहून स्वच्छ निकाल कुठल्या कोर्टात मिळतो? चिसातो म्हणाली, "तिला भूक लागली होती, मामा." लागली असेल. देवाच्या दूतानं उपाशीपोटी निकाल देऊ नये असं कुठे लिहिलंय?

मी तिथूनच माघारी वळलो. नाराच्या स्टेशनचा शिक्का घेतला आणि परतीला संथ गाडी धरून, शिक्का असेल त्या प्रत्येक ठिकाणी उतरलो. वाटेत अशी आणखी नऊ स्टेशनं झाली. पहिल्या चार ठिकाणी चिसातो बाकावर बसून वेळापत्रकाकडे पाहत राहिली. पाचव्यापासून शाईची गादी तीच उघडून धरत होती. हे तिनं फोनवर सांगितलं नसेल.

तेव्हा वर्षश्राद्धाला ही वही, जशी आहे तशी, फुसाएच्या पाटीसमोर ठेवली जाईल. एकही पान फाडणार नाही. आपल्या देवळातले गुरुजी भुवया चढवतील, चढवोत. चुलत मंडळी कुजबुजतील, कुजबुजोत. तू रागावशील, तेवढं मात्र जपून, रक्तदाब सांभाळून.

तुझा न ऐकणारा भाऊ,
उमेकिची

ता. क. पानं बारा होती, भरली अकरा. बारावं आपल्या गावच्या स्टेशनचं. तिथली नोकरमाणसं काढून ते बिनमाणसांचं झालं, टेबल गेलं, शिक्काही गेला. कुठे गेला ते कुणाला ठाऊक नाही असं सगळे धरून चालतात. मी ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. दाजींनी निवृत्त होऊन आपल्या स्टेशनची स्टेशनमास्तरची टोपी उतरवली त्या दिवशी त्यांच्या कोटाचा खिसा फुगलेला होता. मला तो शिक्का एका दाबापुरता हवा आहे. देणार नसशील तर वर्षश्राद्धाला सगळ्यांदेखत मागेन.

आणखी एक ता. क. चिसातोला रागावू नकोस. दाजी दर नवीन वर्षाला तो शिक्का काढून पुसून ठेवतात, हे तिनं आठव्या स्टेशनवर आपण होऊन सांगितलं.

शेवटचं. हिमेजीला माझा चष्मा नाकावरच होता आणि हात चुकला नव्हता. आणि दाजींना म्हणावं, बाराव्या पानावर त्यांनीच दाबावा. तिच्या गाड्यांना हिरवं निशाण एकतीस वर्षं तेच दाखवत होते. टोपी घालून आले तरी मी हसणार नाही.