पांढुर्ण्यात डार्क एनर्जीचा खुलासा

पांढुर्णा, मंगळवार

आदरणीय मोठे भाऊ तुळशीराम यांना धाकट्या मोतीरामचा सविनय जय भीम. इकडे मी आणि मालती धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी आणलेलं तेल लावून राहिले की नुसते बाटलीकडे पाहून राहिले?

पत्रास कारण की आपल्या सुप्रियाने पांढुर्णा जिंकलं. पण आधी माझी चूक कबूल करतो, कारण ती तिकडे तुमच्या सौंसरपर्यंत अर्धवट पोचलीच असेल.

पोरगी पुण्याला दुर्बिणीच्या कामात आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. (दुर्बीण पुण्यात नाही, परदेशात डोंगरावर आहे. इकडे फोटो येतात.) मागच्या आठवड्यात ती सुटीवर आली आणि इथल्या एका छोट्या पेपरवाल्याचा मला फोन आला, मुलगी नेमकं करते काय? ती आंघोळीला गेली होती. दहा मिनिटं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण बापाचा अभिमान, भाऊ! म्हणालो, डार्क एनर्जीवर संशोधन करते. तो म्हणाला, मराठीत सांगा. आपल्या मध्य प्रदेशातल्या नगरपालिकेत तीस वर्षं लोकांच्या मराठी अर्जांचं हिंदी करून दिलेला माणूस मी, थोडाच अडतो? बोलून गेलो, काळी शक्ती.

दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'पांढुर्ण्याची कन्या काळ्या शक्तीच्या शोधात'. सकाळी नऊला अंगणात अकरा माणसं. सर्वांत पुढे शेजारचे रामाजी, हातात लिंबू. (रोज माझ्याकडून पेपर वाचायला नेतात, त्या दिवशी विकत घेतला.) पंचफुलाबाईंची म्हैस दूध देईना, कुणाच्या सुनेला झोप लागेना. आपल्या बाबांनी ज्या घरात अंगारा-धुपारा कधी येऊ दिला नाही, तिथे लिंबांची टोपली! सुप्रियाने बातमी वाचली. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं शिकून मी मांत्रिक झाली का?"

मी मागच्या दाराने निघायच्या बेतात होतो. ती मात्र पुढच्या दाराने अंगणात गेली, रामाजींच्या हातातलं लिंबू घेतलं आणि सरळ वर फेकलं. "पहा काका, वर जाता जाता हळू झालं आणि खाली आलं. आता हे वर जाता जाता जोरात पळायला लागलं तर?" रामाजी दोन पावलं मागे सरले. मग तिने सांगितलं की दुर्बिणीतून कोट्यवधी आकाशगंगा टिपतात, कोणती किती दूर अन् किती वेगाने लांब जाते ते मोजतात. जितकी दूरची, तितका तिचा उजेड जुना. म्हणून विश्व आधी कसं पसरत होतं तेही कळते. पसरणं मंदावायला पाहिजे होतं, ते उलट वाढून राहिलं. का, ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून 'डार्क'.

पंचफुलाबाई उठल्या. "बाई, जे मालूमच नाही त्याचं नाव ठेवून मोकळे झाले तुम्ही?"

सुप्रिया इतकी हसली! म्हणाली, "मावशी, हाच प्रश्न आमचा पगार चालवते."

रामाजींनी विचारलं, मग नागपूरही लांब जाऊन राहिलं का? ती म्हणाली, "नाही काका, जवळच्या गोष्टी एकमेकींना धरून असतात. गाडीला उशीर होते तो रेल्वेमुळे." अंगण टाळ्यांनी दणाणलं, भाऊ! तिने पंचफुलाबाईंना म्हशीसाठी गुरांच्या डॉक्टरकडे धाडलं, मालतीने टोपलीभर लिंबांचं सरबत करून सगळ्यांना पाजलं, आणि पेपरवाल्याने खुलासा छापला, फोटोसकट. माझी मान अजून ताठ आहे.

वहिनींना जय भीम, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
मोतीराम

ता. क. : मोहगावच्या एका शाळेने येत्या शनिवारी सुप्रियाचं भाषण ठेवलं होतं. ती काल पुण्याला परतली. मुख्याध्यापकांना मी म्हणून बसलो की तिच्याऐवजी मी बोलायला येतो.

ता. ता. क. : हे पत्र फोनवर तिला वाचून दाखवलं. म्हणाली, बाबा, लिंबापर्यंत बरोबर आहे, पुढचं बोलू नका. तेव्हा तुम्ही शनिवारी मोहगावला नक्की या, पहिल्या रांगेत बसा आणि लगेच हात वर करा. प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवतो आहे. त्याचं उत्तर मला पाठ आहे. दुसरं काहीही विचारू नका.