पिवळीला लावलेलं रॉकेल

आई, तू पहिल्यापासून विसराळू. चुलीवर पेज ठेवून शेजारणीशी बोलत बसायचीस आणि करपली की बोल मांजरीला लावायचीस. म्हणून विचारते, ती पिवळी मांजर तरी आठवते का? तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की आता मी तुझ्याहून म्हातारी आहे. अक्षर मला येत नाही. मी सांगते, नात लिहिते. तुलाही वाचता येत नव्हतं, तेव्हा कोणाकडून वाचून घ्यायचं ते तुझं तू बघ.

आज सकाळी नातीची मांजर उंदरांसाठी ठेवलेल्या गोंदाच्या पुठ्ठ्यावर पडली. पाय, पोट, शेपूट, सगळं चिकटलं. नात दार रंगवून उरलेलं थिनर घेऊन धावली. मी तिचा हात असा धरला की बाटलीच पडली. "एवढी काय घाबरतेस गो आजी?" "ते नाय लावायचं. चाटलं तर मरंल ती." पुठ्ठ्यावरच्या मोकळ्या गोंदावर पीठ भुरभुरलं, पायांशी खायचं तेल सोडलं आणि एकेक पाय हळू सोडवला. मग तिला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि बोटांना तेल लावून केस चोळत बसले. फणस कापताना तू हाताला लावायचीस, तसं. ओढायचं नाही, चोळायचं आणि पुसायचं. शेवटी कोमट पाणी, जरासा साबण. दुपार झाली. बोटं अजून वळत नाहीत. मांजर चुलीशी झोपली आहे, माझ्यावर रागावून.

तू मुरबाडच्या रस्त्यावर डांबराच्या कामाला जायचीस. संध्याकाळी दारात बसून रॉकेलच्या चिंधीने पाय पुसायचीस आणि काळ्यातून तुझे पाय बाहेर यायचे. मी रोज बघायची. एक दिवस पिवळी डांबरात लोळून आली. तू यायच्या आत तिला स्वच्छ करावं म्हणून मी तीच चिंधी घेतली. छान निघालं सगळं. मग ती कोपऱ्यात बसून अंग चाटत राहिली आणि मी कौतुकाने बघत बसले. दुसऱ्या दिवशी तू कामावर असताना ती कणगीमागे मेली. मी तिला आंब्याखाली पुरलं आणि तुला सांगितलं, कुत्र्यांनी नेली. तीन दिवस तू कामावरून येऊन, पाय न पुसता, कुत्र्यांना शिव्या देत ओढ्यापर्यंत तिला शोधत गेलीस. मी तुझ्या मागून चालायची. मीसुद्धा हाका मारायची.

नात लिहायची थांबली आहे. विचारते, "पाठवायचं कुठं?" कुठं नाय, पिठाच्या डब्याखाली ठेव म्हटलं. पितरांच्या दिवसांत तुझ्यासाठी कौलांवर पान ठेवते, तेव्हा खीर आणि वडे असतील नेहमीसारखे. यंदा कडेला भाजलेली सुकट असेल. तिला हात लावू नको, ती पिवळीची आहे. आणि सुकट कोणी पाठवली ते तिला सांगू नको.