पाचव्या पानावरची अलमेलू

अड्यार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही चौथीतल्या मुलांनी टॅबवर गोष्टीची पुस्तकं केली आहेत. चित्रं आमची, वाचणारे आवाजही आमचेच. विषय मिसनी दिला: मैत्रिणी भरीला घालतात तेव्हा नाही कसं म्हणायचं. आमच्या गोष्टीत सगळ्या जणी एका मुलीला नव्या मुलाची सायकल लपवायला सांगतात, आणि ती पाचव्या पानावर नाही म्हणते. पहिली दोन पानं वाणीनं वाचली, पुढची दोन मी, पाचवं अलमेलूनं. आईच्या फोनवरून पुस्तक पाठवलंय. २१ तारखेला पालकांसमोर लावणार आहेत. कसं वाटलं ते कळवा, पण चुका काढू नका.

लोभ आहेच, थोडा वाढवा.
तुमची, श्रीरंजनी

अंबत्तूर, ८ फेब्रुवारी

चि. श्रीरंजनीस अनेक आशीर्वाद.

पुस्तक तीनदा ऐकलं. चुका काढत नाही, फक्त एक शंका. माझी चाळीस वर्षं लेथवर गेली. मशीन शेजारच्या शेडमध्ये असली तरी बेअरिंग कुरकुरलेलं मला कळतं. पोंगलला अलमेलू आपल्याकडे आली होती. एकेक वाक्य तीनदा सुरू करत तिनं मला तिच्या मांजराची गोष्ट सांगितली, ती मला अजून पाठ आहे. पाचव्या पानावरची अलमेलू मात्र कुठेही न थांबता सुसाट सुटली आहे, आणि तिला सर्दीही झालेली दिसते. माझी एक नात नाक चिमटीत धरून असाच आवाज काढते, बँकेतली बाई बनून मला फोन करते.

रागावलो नाही. 'नाही' म्हणायचं पान तुझ्याकडून कोणी म्हणवून घेतलं, एवढंच कुतूहल.

लोभ कमी केलेला नाही.
आजोबा

अड्यार, १४ फेब्रुवारी

ती. आजोबांना, सा. न.

वाणीनं. ती म्हणाली, अलमेलू अडखळते, सगळे हसतील, तुला आवाज काढता येतात तर तूच वाच. अलमेलू तिथंच बसली होती. तीही चालेल म्हणाली. मग मी वाचलं.

काल मी वाणीला सांगितलं की ते पान पुसणार. ती म्हणाली, मग माझ्याशी बोलू नकोस. मी पुसलं आणि मिसनासुद्धा खरं सांगितलं. अलमेलू आधी तयारच नव्हती. तिच्या मांजराची गोष्ट तुम्हाला पाठ आहे म्हटल्यावर वाचायला बसली. सात वेळा वाचून झालं, तरी अडखळतेच. वाणी बोलत नाही. लोक हसले तर अलमेलूपण बोलणार नाही. तुम्ही नक्की या.

श्रीरंजनी

अंबत्तूर, २२ फेब्रुवारी

चि. श्रीरंजनीस आशीर्वाद.

तू काल पाचव्या पानाला डोळे घट्ट मिटून घेतलेस, म्हणून हे लिहितो. 'तुम्हाला सगळ्यांना हवं असेल, पण मी...' इथं अलमेलू थांबली. बराच वेळ थांबली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी हातातला फोन खाली ठेवला. मलाही वाटलं, ही मुलगी आता सायकल लपवायला जाते की काय. मग ती 'नाही' म्हणाली आणि गृहस्थांचा अडकलेला श्वास सुटलेला मला ऐकू आला. तुझ्या तोंडी तेच 'नाही' फार स्वस्तात पडलं होतं, हे तूही मान्य करशील.

ती थांबली तेव्हा मागच्या रांगेत एक मुलगा खुसखुसला होता. पुढच्या क्षणी गप्प झाला, म्हणून मी वळून पाहिलं. वाणी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती. तू विचारलंस तर ती नाहीच म्हणेल, तेव्हा विचारू नकोस. मी सांगितलं हेही सांगू नकोस.

लोभ या महिन्यात जरा जादाच आहे.
आजोबा